गिऱ्हाइकाची खुर्ची

४ फेब्रुवारी

ताई,

आधी कामाचं लिहिते. कामाचं असलं तर तू निदान शेवटपर्यंत वाचशील.

मला तुझा एक दिवस हवा आहे. वीस तारीख, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. दुकान बंद ठेवावं लागेल, मला कळतं. सहाची बस धरलीस तर साडेनऊला इथे पोचशील. स्टँडवर मी येईन, किंवा मी नको असेन तर वर्गातलं कोणीतरी येईल.

काय आहे ते सांगते. माझ्या वर्गात नऊ जण आहेत. कोणी हॉटेलात वाढपी होता, कोणी दुकानात पावत्या फाडत होती, एक तर बेचाळीस वर्षांचा बेकरीवाला आहे. अजूनही पहाटे चारला जाग येते म्हणतो. सहा महिन्यांत सगळ्यांनी प्रोग्रॅम लिहायला शिकायचं आणि नोकरीला लागायचं. सध्या प्रत्येक जण आपापल्या कॉम्प्युटरसमोर मान खाली घालून बसतो आणि अडलं की शेजाऱ्याचं बघून उतरवतो. नोकरीत तसं चालत नाही. तिथे चार डोकी मिळून एकच काम करतात, आणि ते यांना कोणी शिकवलेलंच नाही.

म्हणून मी एक दिवस ठरवला आहे. भिंतीवर एक मोठा पडदा, एकच कीबोर्ड आणि नऊ माणसं. कीबोर्डवर बसलेला म्हणजे नुसते हात. बाकीचे सांगतील तेच त्याने टाइप करायचं. त्याला स्वतःला काही सुचलं तर उठायचं, जागा दुसऱ्याला द्यायची आणि मग तोंड उघडायचं. दर सात मिनिटांनी हात बदलायचे. त्यासाठी आईचं अंडी उकडायचं घड्याळ मी मागच्या वेळी उचलून आणलं आहे. तिला सांगू नकोस.

आणि एक खुर्ची गिऱ्हाइकाची. प्रोग्रॅम ज्याच्यासाठी बनतोय तो माणूस दिवसभर खोलीत हवा. शंका आली की त्याला विचारायचं. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी उत्तर द्यायचं नाही. हा नियम मीच केला आहे.

त्या खुर्चीत तू हवी आहेस. तुझी मापांची वही, तीच त्यांनी कॉम्प्युटरवर करायची आहे. वर्गात बँकांची, विमानांची उदाहरणं देतात. यांच्यातलं कोणी विमानात बसलेलं नाही. कपडे मात्र सगळ्यांनी शिवून घेतले आहेत.

फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद. याआधीची दोन पत्रं मी आईच्या नावावर पाठवली होती. ती पोचली का विचारलं तर म्हणते, "तुमच्या दोघींचं टपाल वाहायला मी पोस्टमन नाही." एका घरात राहता, तिने निदान टेबलावर तरी ठेवलं असेल.

गेल्या जूनमधल्या त्या शिवणशाळेच्या अर्जाबद्दल या पत्रात काही नाही. त्या बायकांना माणसाची पारख नव्हती, एवढं मी अजूनही म्हणते.

वीस तारीख. विचार कर.

तुझी धाकटी


१६ फेब्रुवारी

ताई,

काल आईला फोन केला.

"वाचलं तिने?"

"वाचलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, कात्री कुठे ठेवलीस."

बरं. मला उत्तर मिळालं असं मी समजते.

दिवस काही पुढे ढकलता येणार नाही. संस्थेच्या संचालकांनी मोठ्या मुश्किलीने परवानगी दिली आहे. त्यांचं म्हणणं, नऊ जण एका मशीनवर म्हणजे एक जण कामाला आणि आठ जण माशा मारायला. वीस तारखेला चार वाजता ते स्वतः बघायला येणार आहेत.

तेव्हा तुझ्या जागी मीच बसणार. तू रागावू नकोस. तुझ्या मशीनखाली बसून मी शाळेचा सगळा अभ्यास केला. पाय मारताना तुझी चप्पल माझ्या पाठीला लागायची. त्या वहीचं पान न् पान माझ्या डोळ्यांसमोर आहे. नाव, तारीख, उंची, छाती, कंबर, बाही. गिऱ्हाईक परत आलं की नवं माप घ्यायचं आणि जुनं खोडायचं. एवढंच तर आहे.

मला जमेल.

धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

काल तू अकरा मिनिटं आमच्याशी बोललीस. फोनच्या तुझ्या बाजूला काय होतं ते तुला माहीत. इकडे खोलीत काय चाललं होतं ते तुला दिसलं नसणार, म्हणून लिहिते.

सकाळी मी सगळ्यांना सांगितलं की माझी बहीण गिऱ्हाईक म्हणून येणार होती, पण कामात आहे, म्हणून तिच्या जागी मी. पहिला तास हसण्यातच गेला. वाढपी कीबोर्डवर बसला होता. त्याला आयुष्यभर ऑर्डर घ्यायची सवय, त्यामुळे हातांचं काम तो उत्तम करतो. बेकरीवाल्याला मात्र ते जमेना. बाकीचे एक सांगत आणि तो भलतंच टाइप करून म्हणे, "हे जास्त बरं आहे." मग सगळे ओरडत, "हात! हात!" शेवटी त्याने दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "वीस वर्षं भट्टीसमोर एकटाच होतो हो. कोणाचं ऐकायची सवय लागायला वेळ लागेल."

बारापर्यंत गाडी रुळावर आली. नाव टाकलं की माणूस सापडत होता, माप भरता येत होतं. घड्याळ वाजलं की हात बदलत होते. मी मनातल्या मनात संचालकांना उत्तरं देत होते.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे प्रश्नचिन्ह म्हणतात. तिनेही ते मनावर घेतलंय, वहीवर नावाच्या जागी तेच काढते. तिने विचारलं, "गिऱ्हाईक, परत आलेल्या माणसाचं जुनं माप काय करायचं?"

खुर्चीतून मी म्हणाले, "खोडायचं. नवं लिहायचं."

त्यांनी तसं केलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत प्रोग्रॅम प्रत्येक जुनं माप न चुकता पुसून टाकत होता.

पावणेचारच्या सुमाराला ती मुलगी पुन्हा खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "माझा भाऊ वाढीच्या वयाचा आहे. दर सहा महिन्यांनी त्याची पँट आखूड होते. जुनं माप पुसलं तर शिंप्याला कसं कळणार की हा पोरगा किती वेगाने वाढतोय?"

मी म्हणाले, "ते शिंप्याला अंदाजाने कळतं."

"हे ताईंनी सांगितलं, की तुम्हाला वाटतं?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. नियम भिंतीवरच लिहिलेला होता, माझ्याच अक्षरात: गिऱ्हाइकाच्या वतीने दुसऱ्या कोणी उत्तर द्यायचं नाही.

"मला वाटतं," मी म्हणाले.

"मग त्यांनाच विचारू या. फोन करा ना."

मी म्हणाले ती कामात असेल. बेकरीवाला म्हणाला, कामात असणारा माणूस फोन उचलून 'कामात आहे' म्हणतो. मग मी सांगितलं की माझा फोन ती उचलत नाही. आठ महिने झाले. असं तोंडातून निघून गेलं. नऊ विद्यार्थ्यांसमोर शिक्षिकेने असलं काही बोलायचं नसतं, पण काल बोलले.

कोणी च्च च्च केलं नाही. बेकरीवाल्याने खिशातून स्वतःचा फोन काढला. "नंबर सांगा. आणि तुम्ही खुर्चीतून उठा. आता तुम्ही बोलायचं नाही."

मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. रिकाम्या खुर्चीवर त्याने फोन ठेवला आणि आवाज मोठा केला.

पुढचं तुला माहीत आहे. तरी मी जसं ऐकलं तसं लिहिते.

"कोण?"

"मी बेकरीवाला. म्हणजे होतो."

"मी काही मागवलेलं नाही."

"नाही हो. तुमच्या बहिणीच्या वर्गातून बोलतोय. आम्ही नऊ जण आहोत. तुमच्या मापांच्या वहीबद्दल विचारायचं होतं."

मागे तुझं मशीन चालू होतं, ते थांबलं. मला वाटलं आता फोन बंद होणार.

"ती आहे तिथे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आहेत. पण त्यांना बोलायची परवानगी नाही."

"कोणी नाही दिली?"

"आम्ही."

तू हसलीस. अगदी थोडंसं, नाकातल्या नाकात. पण मी मशीनखाली बसून वाढले आहे, मला ते हसू ओळखू येतं.

"मग विचारा," तू म्हणालीस.

प्रश्नचिन्हाने विचारलं. आणि तू म्हणालीस, "जुनं माप खोडायचं? कोण म्हणालं?"

नऊच्या नऊ जण माझ्याकडे बघायला लागले. नाव कोणीही घेतलं नाही. हे तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते.

"कधीच खोडायचं नाही. खाली तारीख घालायची आणि नवं लिहायचं. गेल्या वर्षीची कंबर आणि आजची कंबर समोरासमोर असली तर कळतं माणूस भरतोय का उतरतोय. आजारातून उठलेला असेल तर मी शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडते. सहा महिन्यांनी परत भरतो, तेव्हा नुसतं उसवून द्यायचं. नवं कापड लागत नाही."

घड्याळ वाजलं. हात बदलायचं कोणाला सुचलं नाही. वाढप्याने तुझं वाक्य फळ्यावर लिहायला घेतलं होतं.

"आणि लोक माप तोंडी सांगतात का?" कोणीतरी विचारलं.

"सगळेच सांगतात. मी हो हो म्हणते आणि टेप लावते. टेप लावताना पण श्वास सोडायला सांगते. नाहीतर सगळे पोट आत घेतात, मग शर्ट नेऊन घरी घातला की बटणं बोलायला लागतात."

इथे खोलीत इतकं हसू फुटलं की पुढचं थोडं ऐकू आलं नाही. मग तू शेवटच्या रकान्याबद्दल सांगितलंस. तो मी साफ विसरले होते. डावा खांदा खाली. घाईचा माणूस, तारीख एक दिवस अलीकडची सांग. ही बाई रंगाबद्दल मत बदलते, कापड दोनदा दाखव. फळा भरला म्हणून वाढपी भिंतीवर कागद चिकटवून लिहायला लागला.

तेवढ्यात चार वाजले आणि संचालक दारात आले. आत काय दिसलं, तर आठ माणसं एका रिकाम्या खुर्चीभोवती कोंडाळं करून बसलेली, नववा भिंतीवर लिहितोय, पडद्यावर काही हलत नाही, कीबोर्डजवळ कोणी नाही. ते हळूच म्हणाले, "काम कधी सुरू होणार?"

बेकरीवाला मान न वळवता म्हणाला, "सर, हेच चाललंय. बसा."

ते बसले. ताई, तुझं बोलणं ऐकत ते पाण्याच्या पिंपावर बसले होते.

शेवटी तू म्हणालीस, "झालं का? माझी इस्त्री तापलीय." आणि प्रश्नचिन्हाने विचारलं, "एकच राहिलं. आमच्या मॅडमचं माप आहे का तुमच्या वहीत?"

"आहे," तू म्हणालीस. "जुनं." आणि फोन ठेवलास.

पाच वाजेपर्यंत त्यांनी सकाळचं निम्मं काम पुसलं आणि पुन्हा उभं केलं. आता मापांखाली मापं राहतात, तारखेसकट. शेरा लिहायला जागा आहे. पूर्ण झालं नाही. बाहीच्या मापात अजून गोंधळ आहे. संचालक जाताना म्हणाले, एप्रिलमध्ये पुन्हा एक दिवस घ्या, आणि गिऱ्हाईक खरंच आणा.

आणखी काही लिहायचं होतं, पण आज नाही.

धाकटी


२३ फेब्रुवारी

ताई,

ते जे परवा लिहिलं नाही, ते हे.

शिवणशाळेत कटिंग शिकवायला बाई हव्या होत्या. तू दोन पानं लिहिलीस, रेघांच्या कागदावर, आणि मला म्हणालीस, एकदा बघ, शुद्धलेखन तेवढं तपास. घरात पदवी माझ्याकडे. ती आईने प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवली आहे आणि अजूनही पाहुण्यांना दाखवते. मी बघितलं. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. चार चुका सुधारून मला कागद परत देता आला असता.

मी सगळंच नवं लिहिलं. "सर्वांगीण कौशल्यविकासाची दृष्टी", "प्रशिक्षणार्थींच्या सुप्त क्षमतांना चालना". टाइप करून, तुझी सही घेऊन, पाठवून दिलं. सही करताना तू विचारलंस, "माझंच आहे ना?" मी म्हणाले, "तुझंच, जरा इस्त्री केलीय."

मुलाखतीला तुला तिसरं वाक्य समजावून सांगायला सांगितलं. तू म्हणालीस, हे मी लिहिलेलं नाही. त्यांनी कागद बाजूला ठेवला. दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेणारी बाई म्हणून तुला उठवलं. तू, जिने आजवर कोणाच्या एका इंचाची लबाडी केली नाही.

त्या दिवशी घरी येऊन तू एकच विचारलंस. "मी लिहिलं होतं ते वाईट होतं का?" मी म्हणाले, "वाईट नव्हतं, पण..." पुढचं तू ऐकलं नाहीस. बरं केलंस. पुढे माझ्याकडे काही नव्हतंच.

त्यानंतर मी सगळ्यांना, तुला, आईला आणि या पत्रांतही, हेच सांगत आले की त्या बायकांना पारख नव्हती. पारख त्यांची चुकली नव्हती. त्यांच्यासमोर मी ठेवलेली बाईच खोटी होती.

मी मनापासून मानत आले की ज्यांना कोणी विचारत नाही, त्यांच्या वतीने आपण बोललं पाहिजे. म्हणूनच तर या कामात आले. वीस तारखेला खिडकीशी गप्प उभी होते, तेव्हा पहिल्यांदा तुझं शिकवणं ऐकलं. अकरा मिनिटांत नऊ जणांना जे समजलं, ते मला सकाळपासून सांगता आलं नव्हतं. त्या शाळेने हे ऐकायला हवं होतं. मी ऐकू दिलं नाही.

तुझी ती दोन पानं फेकून दिली असं मी तुला सांगितलं होतं. फेकली नव्हती. या पत्रासोबत पाठवते आहे. पहिलं वाक्य असं आहे: "मी चौदा वर्षं कापड कापते आहे, त्यात तीन वेळा चुकीचं कापलं, आणि तिन्ही वेळा घाईत होते." मला वाटलं होतं, अर्जात चुका कोण लिहितं. परवापासून मी ते वाक्य वीसेक वेळा वाचलं असेल. शिकवणाऱ्या माणसाने केलेली याच्याहून चांगली सुरुवात मी पाहिलेली नाही.

चार चुकाही तशाच आहेत. मी पेन्सिलसुद्धा लावलेली नाही. या पानांचं काय करायचं ते तू ठरव. शाळेचा पत्ता मी देणार नाही, पुन्हा अर्ज कर असंही म्हणणार नाही.

माझं चुकलं, ताई.

धाकटी


१४ मार्च

ताई,

पार्सल आज मिळालं. संस्थेच्या पत्त्यावर पाठवलंस म्हणून सगळ्यांसमोर उघडावं लागलं. निळा शर्ट, पूर्ण बाह्यांचा, आतल्या शिवणीसुद्धा बाहेरच्यांइतक्या सरळ. वाढपी म्हणाला, "हा उलटा घातला तरी चालेल." प्रश्नचिन्हाने खिशात हात घालून चिठ्ठी शोधली, कारण माझं धाडस होत नव्हतं. तिने वाचली नाही, घडी न उघडता मला दिली.

"जुन्या मापावर शिवला आहे. आत कापड सोडलं आहे."

एवढंच. मी दोन्ही बाजूंनी उलटून बघितली.

घरी येऊन घातला. खांद्यात घट्ट होतो, आणि छातीवरची दोन बटणं, तू म्हणालीस तशी, बोलतात. इथे आल्यापासून मी भरले आहे. दिवसभर बसून काम. तुझ्या वहीतली मी वीस वर्षांची आहे आणि पहिल्या मुलाखतीसाठी श्वास रोखून उभी आहे. तेव्हा तू श्वास सोडायला सांगितलं होतंस का, मला आठवत नाही. सांगितलं असशील आणि मी ऐकलं नसेल.

शर्ट उलटा करून बघितला. दोन्ही कुशींच्या शिवणीत दोन दोन बोटं कापड आहे. कच्चा धागा, लांब टाके. ओढला की सुटेल असा.

उसवायला मला येतं, तूच शिकवलं आहेस. टेबलावर लहान कात्री होती, दिवा होता, वेळही होता. अर्ध्या तासाचं काम. मग आरशात बघून अंदाजाने शिवण घातली असती, आणि तुला कळवलं असतं की छान बसला.

कात्री मी परत खणात ठेवली.

रविवारी सहाची बस मीही धरू शकते. शर्ट घेऊन येते. टेप तू लाव.

धाकटी

आईला सांग, अंड्यांचं घड्याळही परत आणते आहे.